जुन्या गाडीचं कूलंट कमी होतंय? खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

“आठवड्याला अर्धा तांब्या पाणी घालतो, बाकी गाडीचा काही त्रास नाही.” दहा-पंधरा वर्षांची वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका चालवणाऱ्यांकडून हे नेहमी ऐकू येतं. दोन वर्षं मीही हेच म्हणत होतो. पण कूलंट म्हणजे पेट्रोल नव्हे. ते चालवून संपत नाही. पातळी उतरते आहे म्हणजे ते कुठून तरी जातंय. कुठून, हे शोधायला काही शे रुपये पुरतात. शोधलं नाही तर एखाद्या मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकतो, हेड गॅस्केट उडतं आणि बिल पंधरा-वीस हजारांवर जातं. माझं तसंच झालं.

पुढचे आकडे लहान पेट्रोल गाडीचे आणि गल्लीतल्या चांगल्या गॅरेजचे आहेत. ते ढोबळ आहेत. गावागणिक आणि मॉडेलगणिक फरक पडेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी जास्त लागते.

पहिली तपासणी फुकट, घरीच. सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करा आणि रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग दिसला तर गळती बाहेरची आहे. स्वच्छ पाणी असेल तर बहुधा ते एसीचं, त्याची चिंता नको. मग टॉर्च घेऊन रबरी पाइपांचे सांधे बघा: वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवट पापडी तिथे जमलेली असते. पुठ्ठा कोरडा आणि पातळी मात्र उतरतेय, तर डॅशबोर्डखालचा गालिचा हाताने चाचपा. तो ओला असेल तर हीटर गळतोय. तोही कोरडा असेल, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. घरी काही सापडलं नाही तर हातपंपाने दाब देऊन तपासणारा मेकॅनिक गाठा. दोनशे ते पाचशे रुपये घेईल. जुन्या गाडीवर इतका सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही.

बहुतेक वेळा दोष स्वस्त वस्तूंमध्येच निघतो. त्यातली सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते नुसतं बूच नाही, दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. ०.९ बार दाब टिकला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो, कूलंट लवकर उकळून बाटलीतून बाहेर पडतं आणि आपण रेडिएटरला दोष देत बसतो. नवं झाकण दीडशे ते चारशे रुपयांत मिळतं. आकडा मात्र जुन्या झाकणावरचाच हवा. जास्त दाबाचं झाकण जुन्या पाइपांना फाडतं.

पाइप गार असताना दाबून बघा. मऊ, लिबलिबीत, फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर बदला. वरचा-खालचा मिळून सहाशे ते बाराशे. जुन्या जुबली क्लिपा पुन्हा वापरू देऊ नका. नवी क्लिप वीस-पन्नास रुपयांना येते आणि गंजलेली क्लिप नवा पाइपही गळवते.

मग कूलंट. लहान गाडीत साधारण चार लिटर लागतं, तयार मिश्रणाचा लिटर अडीचशे ते चारशेला. घट्ट कूलंट घेतलंत तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा बोअरचं नको. गिझरच्या कॉइलवर साचतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतो, आणि नुसत्या पाण्याने इंजिनाच्या ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या आतून गंजून फुटतात. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या, शंका असेल तर सगळं काढून, धुऊन नवं भरा. मजुरी धरून झाकण, पाइप, क्लिपा आणि कूलंट हे सगळं अडीच ते चार हजारांत होतं. हा खर्च उन्हाळ्याआधी करा.

‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील’ असा सल्ला मिळेल. मलाही मिळाला होता. ऐकू नका. इंजिन नेहमी थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दोष झाकला जातो. नवा थर्मोस्टॅट तीनशे ते नऊशेला येतो.

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, गळू लागली की तिच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतात. भाग हजार-दोन हजार, मजुरी जवळपास तेवढीच. ज्या गाडीत टायमिंग बेल्ट उतरवल्याशिवाय पंप निघत नाही, तिथे बेल्ट बदलतानाच पंप बदला. मजुरी एकदाच पडते.

रेडिएटरच्या बाबतीत पूर्वीचा अनुभव विसरा. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरचे तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन वर्षानुवर्षं चालायचे. आताच्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या उष्णतेने ठिसूळ होतात आणि त्यांना डाग बसत नाही. नवा बसवा, अडीच ते पाच हजार.

महामार्गावर ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. बारीक भोक त्याने तात्पुरतं बुजतं, हे खरं. बाटलीतलं ‘लीक स्टॉप’ही तेच काम करतं. पण दोन्ही भोकाबरोबर नळ्याही बुजवतात, म्हणून फक्त गॅरेज गाठण्यापुरतं वापरा आणि पोहोचल्यावर सगळं धुऊन घ्या.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद करून किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. उकळतं कूलंट तोंडावर उडतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. डबा झाकून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवून गॅरेजमध्ये द्या.

काम झाल्यावर मेकॅनिकला आतली हवा काढायला सांगा. नंतर दोन-तीन दिवस सकाळी पातळी खुणेशी ताडून बघा आणि आठवड्याने क्लिपा पुन्हा एकदा आवळून घ्या.