बारा शीट, एक बेरीज आणि पोहरादेवीची यात्रा

एक्सेल आपण शिकतो ते प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरतं. खरं काम पडतं ते मेसचा नाहीतर घरच्या दुकानाचा हिशेब करताना. बारा महिन्यांच्या बारा शीट असतात आणि त्यातून वर्षाची चालू बेरीज काढायची असते.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी. सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते, कर्नाटक-तेलंगणातूनही लोक येतात. समजा, तिथं एक नारळ-प्रसादाचं दुकान आहे. एरवी महिन्याला ४० हजारांची विक्री, यात्रेच्या महिन्यात ३ लाख जादा. (आकडे सोयीसाठी धरलेत.)

दर महिन्याच्या शीटमध्ये महिन्याची बेरीज एकाच घरात ठेवा, समजा बी ४० मध्ये. त्याखाली बी ४१ मध्ये चालू बेरीज, म्हणजे या महिन्याचा बी ४० अधिक मागच्या शीटचा बी ४१. जुन्या कीर्दीत 'मागील पानावरून पुढे' लिहायचे, तेच हे. फक्त एक भानगड आहे. मे ची शीट कॉपी करून जून बनवली, की जूनचा फॉर्म्युला एप्रिलकडेच बोट दाखवत राहतो. मे महिना गायब! एरर वगैरे काही येत नाही.

म्हणून शेवटी एक वेगळी तपासणी हवीच. सम लिहून कंसात एप्रिल, कोलन, मार्च, उद्गारचिन्ह आणि बी ४० द्या. या दोन शीटच्या मधल्या सगळ्या शीटचं ते घर एकदम जोडलं जातं. ही बेरीज आणि मार्चची चालू बेरीज जुळली पाहिजे. (मध्ये भलतीच शीट ओढून ठेवली तर तीही मोजली जाते, तेव्हा टॅबचा क्रम बघा.)

आता बेरीज जुळली, पण गोष्ट संपली नाही. २०२२ ची रामनवमी १० एप्रिलला होती, २०२३ ची ३० मार्चला, २०२४ ची १७ एप्रिलला आणि २०२५ ची ६ एप्रिलला. म्हणजे २०२२-२३ या आर्थिक वर्षात दोन यात्रा, २०२३-२४ मध्ये एकही नाही! चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, ते दरवर्षी मागं सरकतं आणि अधिक महिना आला की पुढं ढकललं जातं. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढची रामनवमी ३८४ दिवसांनी आली.

आपल्या दुकानाची बेरीज मग अशी येते: १०.८ लाख, ४.८ लाख, ७.८ लाख. हा कागद घेऊन माणूस बँकेत कर्जाला गेला, तर साहेब म्हणणार, धंदा निम्म्यावर आला की राव! प्रत्यक्षात गिऱ्हाईक एकही कमी झालेलं नाही.

उपाय सोपा आहे. बारा शीटच्या बेरजा एका यादीत आणा, शेजारी 'यात्रावर्ष' नावाचा कॉलम घाला आणि यात्रेच्या महिन्यापासून नवा नंबर द्या. एप्रिल २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ला १, मार्च २०२३ ते मार्च २०२४ ला २, पुढच्या बाराला ३. मग समइफने बेरीज घ्या: ७.४, ८.२ आणि ७.८ लाख. उरलेला फरक ११, १३ आणि १२ महिन्यांचा आहे. तिन्हींची एकूण बेरीज दोन्हीकडे २३.४ लाखच येते, ती जरूर ताडून बघा.

३० मार्चसारख्या तारखेला यात्रेची थोडी विक्री एप्रिलच्या शीटमध्येही सांडते. तेवढ्या नोंदींना तारखेनुसार वेगळी खूण करावी लागते, नाहीतर २०२३-२४ मध्ये उगाच एक छोटी यात्रा दिसते. आयकराला अर्थात एप्रिल ते मार्चच लागतं, तो कागद तसाच ठेवायचा. बँकेच्या फाइलीत मात्र यात्रावर्षाचा तक्ता सोबत जोडा आणि वर प्रत्येक रामनवमीची तारीख लिहा.