द्विशिक्षकी शाळा आणि शिक्षकांच्या घरच्या जबाबदाऱ्या



शाळेच्या कामाचा विचार करताना आपण पट, उपस्थिती व गुणवत्ता पाहतो. परंतु शिकविणाऱ्याच्या घरी तान्हे मूल आहे की अंथरुणास खिळलेले वडील आहेत, हे पाहण्याची आपली रीत नाही. मोठ्या शाळेत ही उणीव झाकली जाते. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस मात्र दोनच शिक्षक असतात आणि तेथे एकाची घरची अडचण त्याच दिवशी दुसऱ्याच्या वर्गाची अडचण होते.

नियमांनी काही सोय केली आहे. प्रसूतिरजा १८० दिवसांची आहे. शिवाय २०१८ साली राज्य शासनाने बालसंगोपन रजा मंजूर केली. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवस, परंतु वर्षाला दोन महिन्यांहून अधिक नाही, असे तिचे स्वरूप आहे. पत्नी हयात नसल्यास किंवा असाध्य आजाराने खिळलेली असल्यास पुरुष शिक्षकासही ती मिळते. (पत्नी धडधाकट असली म्हणजे मुलाचा ताप बापाकडे येत नाही, अशी शासनाची समजूत दिसते!)

तथापि खरी अडचण रजा संपल्यावर सुरू होते. १९९९ साली मी एका द्विशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. माझ्या सहकारी बाई प्रसूतिरजा संपवून रुजू झाल्या. घर हाकेच्या अंतरावर होते. बाळाला पाजून येण्यासाठी मधल्या सुट्टीला जोडून वीस मिनिटे मिळावीत, एवढीच त्यांची विनंती होती. मी वेळापत्रकावर बोट ठेवून नकार दिला. शाळेचे हित मी पाहिले, असेच मला तेव्हा वाटले. पंधरवड्यात बाई बिनपगारी रजेवर गेल्या आणि पुढील तीन महिने चारही वर्ग मी एकट्याने सांभाळले. सांभाळले म्हणजे काय, तर मुलांना बसवून ठेवले. त्या वर्षी पहिलीची मुले वाचनात मागे राहिली, ती माझ्यामुळे.

१९६१ च्या प्रसूतिविषयक कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेस, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सवड दिली. कारखान्यातील स्त्रीस जे मिळते ते शिक्षिकेस का मिळू नये? पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षणहक्क कायदा वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन मागतो. ते पुरे भरलेच पाहिजेत. पण अमुक वीस मिनिटांत अमुकच पाठ झाला पाहिजे, असे तो म्हणत नाही.

ही वीस मिनिटे निघतात कशी? मधल्या सुट्टीनंतर नवा पाठ ठेवू नये. तिसरी-चौथीस मूकवाचन किंवा सोडवावयाची उदाहरणे द्यावीत आणि पहिली-दुसरीस ओसरीवर घेऊन गोष्ट सांगावी, चित्रवाचन घ्यावे. जोडवर्ग शिकविणाऱ्यास हे नवे नाही. मोबदल्यात बाईंनी सकाळचा परिपाठ किंवा पोषण आहाराची नोंदवही सांभाळावी. ही देवाणघेवाण वेळापत्रकात उघडपणे लिहावी. तोंडी सवलत उपकार ठरते आणि उपकार करणारा लवकरच कंटाळतो. त्याची तक्रारही खोटी नसते. एकानेच सदैव सांभाळून घ्यावे, हा न्याय नव्हे.

वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र रजा नाही. तेथे किरकोळ व अर्धवेतनी रजेवरच भागवावे लागते. विशेषतः पुरुष शिक्षक याबाबत फार संकोच करतात. वडिलांना शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या गावी न्यावयाचे असते आणि अर्जात लिहितात, ‘घरगुती काम’. असे अर्ज माझ्याकडे नेहमी येतात. खरे कारण व तारीख आठ दिवस आधी कळली, तर केंद्रप्रमुखांना शेजारच्या शाळेतून एखादा शिक्षक पाठविण्याची खटपट तरी करता येते. आदल्या संध्याकाळी आलेल्या ‘घरगुती कामा’साठी कोणास पाठवावे?