कांदिवली ते हॉर्नबिल हाऊस: तिकीट कुठे, पत्र कुठे

कांदिवलीहून फोर्टला जायचा खर्च फारसा नाही. चर्चगेटचं सेकंड क्लासचं रिटर्न तिकीट माणशी ३० रुपयांत बसतं. एसी लोकलला मात्र कैकपट मोजावे लागतात. चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटं. चालवत नसेल आणि चौघं असाल, तर बसची वाट बघू नका. मे २०२५पासून बेस्टचं किमान भाडं १० रुपये, म्हणजे चौघांचे ४०. काळीपिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून ३१!

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी मोठ्या माणसामागे दीडशे-दोनशे रुपये धरा. नेमका दर आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहा. मुलांना कमी पडतात, ज्येष्ठांनी आणि विद्यार्थ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. १९२३ साली उघडलेला निसर्ग इतिहास विभाग याच तिकिटात येतो. रविवारी निघणार असाल तर लोकलचा जंबो ब्लॉक आहे का, ते आधी बघा.

पण संग्रहालयात काचेमागे दिसतो तो नुसता दर्शनी भाग. अभ्यासाचा साठा शेजारीच, लायन गेटसमोरच्या हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे. १८८३ साली ती आठ जणांनी स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. इथले पक्षी कपाटांत आडवे ठेवलेले, पायाला चिठ्ठी: कुठे, कधी, कोणी मिळवला. खरी किंमत या चिठ्ठीची. उदाहरणार्थ, रानपिंगळा हा लहान घुबडाचा प्रकार १८८४नंतर खात्रीने कुणाला दिसला नव्हता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी परदेशी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, १९१४ची एक नोंद बनावट ठरवली, उरलेल्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ तो सापडला.

हॉर्नबिल हाऊसमधला साठा तिकीट काढून बघायचा नाही. आधी सोसायटीला ईमेल करा: कोणता गट बघायचा, कशासाठी, किती जण, कोणत्या तारखेला. विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांचं पत्र जोडावं. शुल्क, छायाचित्रांची परवानगी याच ईमेलमध्ये विचारून घ्या. ‘मुलांना दाखवायचंय’ एवढ्यावर दार उघडेल असं समजू नका, आणि मला तरी ते योग्य वाटतं. जुनी कातडी हाताळण्याने झिजतात.

भेट कामाच्या दिवशीच मागावी लागते. नोकरदाराने खर्चात रजेचा एक दिवस धरावा. नुसती मुलांची हौस असेल, तर सोसायटीचंच गोरेगावच्या फिल्मसिटीतलं निसर्गशिक्षण केंद्र कांदिवलीला कितीतरी जवळ. तिथल्या फेरीचं आगाऊ बुकिंग करा.