वढूच्या बांधावरची फुलपाखरं

वढू बुद्रुकला लोक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात, तुळापूरचा संगम पाहतात आणि जेवायच्या वेळेला पुण्यात परततात. या बेतात दोन तास वाढवा आणि गावाबाहेरच्या बांधांवरून, भीमेच्या काठाकडे सावकाश चाला. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा उत्तम काळ. ऊन अंगावर घेऊन पंख तापल्याशिवाय फुलपाखरू नीट उडत नाही, तेव्हा पहाटे धडपडत येण्यात अर्थ नाही. आठ ते अकरा बरं. पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमा, तिथून आत चारेक किलोमीटर. १ जानेवारीला मात्र तिथल्या जयस्तंभाला अभिवादन करायला येणाऱ्यांची मोठी गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते.

फुलपाखरामागे धावू नका, झाड शोधा. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचाच पाला खातात.

सुरुवात रुईपासून करा, ती रस्त्याकडेला हमखास सापडते. कुरतडलेलं पान उलटून पाहा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या आडव्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती बिबळ्या कडव्याची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते टिकतं. म्हणून पक्षी सहसा याच्या वाटेला जात नाहीत आणि हे नारिंगी फुलपाखरू निवांत, संथ उडतं. याचा फायदा चांदवा या फुलपाखराची एक जात उठवते. तिची मादी निर्विष, पण रंगरूप हुबेहूब कडव्याचं! मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतील तर कडवा. मधला भाग कोरा असेल तर चांदवा. या चांदव्याच्या अळ्या बांधावरची घोळ खातात. नर काळा, पंखांवर पांढरे मोठे ठिपके आणि त्यांना निळसर-जांभळी झाक.

आंब्यावर बांडगूळ दिसलं की मान वर करा. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके असलेलं हळदीकुंकू तिथे घिरट्या घालतं. त्याच्या अळ्या बांडगुळावर घोळक्याने राहतात. एरंड, बहावा, टाकळा हेही चाळून बघा. नदीकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषायला बसलेली फुलपाखरं बहुतेक नर असतात.

२०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन दिसेल या आशेवर मात्र येऊ नका. त्याचा खरा मुलूख सह्याद्रीची झाडी.

केसाळ सुरवंटाला हात लावू नका. शेवग्याच्या बुंध्यावर गर्दी करणारे तर नकोच; ते पतंगाचे, आणि त्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. उभ्या पिकात शिरू नका, शेतात कुणी असेल तर विचारून पुढे जा.

उरलेला अभ्यास घरी करता येतो. कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ती बहुधा लिंबाळीची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. उबेच्या दिवसांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे पुरतात. तेवढे दिवस त्या झाडावर औषध मारू नका. चार पानं गेली तरी झाड मरत नाही.