सारखे बाण, निराळे पाणी

बेसिन पाण्याने भरून बूच काढले, की पाणी भोकाभोवती गरगरत खाली जाते. आता दुसरे दृश्य पाहा. कुंभाराच्या चाकावर मधोमध पाण्याने भरलेली परात ठेवली आणि चाक बराच वेळ सावकाश, एकाच गतीने फिरविले, तर अखेर सर्व पाणी परातीबरोबरच फिरू लागते. दोन्हीकडे पाणी वर्तुळातच फिरते. मग फरक कोठे आहे?

प्रवाहातील प्रत्येक बिंदूपाशी तेथील वेगाची दिशा व परिमाण दाखविणारा एकेक बाण कल्पिला, की सदिश क्षेत्र तयार होते. पूर्वी शिक्षक फळ्यावर पाचपंचवीस बाण काढून दमत. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग येथे सुरू केलेल्या जिओजेब्रासारख्या आज्ञावलीने संगणकावर शेकडो बाण क्षणात काढता येतात. परंतु बाण पुष्कळ झाले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे.

समजा, परातीत केंद्रापासून १ सेंमी अंतरावर वेग सेकंदाला १ सेंमी आहे. २ सेंमीवर तो २ होईल. बेसिनमध्ये उलट प्रकार असतो. तेथे १ सेंमीवर वेग १ असेल, तर २ सेंमीवर तो सुमारे अर्धा भरतो. (पाणी आत व खाली सरकते ते तूर्त सोडून देऊ.) आता कित्येक आज्ञावली चित्र सुबक दिसावे म्हणून सर्व बाण एकाच लांबीचे काढतात. तसे केले, की परात आणि बेसिन यांची चित्रे हुबेहूब सारखी होतात! विद्यार्थ्याने ज्या फरकाचा विचार करायचा, तोच पुसला जातो.

बरे, बाण खऱ्या प्रमाणात काढावेत, तर निराळीच अडचण उभी राहते. बेसिनच्या केंद्रापासून ०.०१ सेंमीवर बाण घेतला, तर सूत्राप्रमाणे वेग १०० येतो. तो बाण पडद्यावर १ सेंमीचा काढला, तर २ सेंमीवरचा बाण ०.०५ मिलिमीटरचा होईल, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून केंद्रालगतचे बाण वगळावेत, आणि बाणांची लांबी खरी की समान, हे ठरविण्याची कळ विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, हे उत्तम.

याहून मोठी सुधारणा म्हणजे पडद्यावर हवी तेथे सरकविता येईल अशी एक बंद वाट. तिचे गणित तुम्हांला कागदावरही करता येईल. केंद्राभोवती १ आणि २ सेंमी त्रिज्येचे दोन कंस काढा. आतला १ सेंमी लांब असेल, तर त्याच कोनातला बाहेरचा २ सेंमी भरेल. टोके सरळ रेषांनी जोडा. बाहेरच्या कंसावरून प्रवाहाबरोबर जा आणि आतल्या कंसावरून प्रवाहाविरुद्ध परत या. सरळ बाजूंवर प्रवाह आडवा असल्याने त्यांचा हिशेब शून्य.

परातीत वेग गुणिले लांबी बाहेर २ × २ = ४, आत १ × १ = १; वजाबाकी ३. वाटेतील क्षेत्रफळ १.५ चौरस सेंमी, म्हणून भागाकार २. बेसिनमध्ये मात्र बाहेर ०.५ × २ = १ आणि आतही १; बाकी शून्य! हा भागाकार, वाट लहान लहान करीत नेल्यावर, त्या बिंदूपाशी ‘कर्ल’ देतो. हे नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७१ मध्ये सुचविले.

वाट केंद्राला वेढणारी घेतली, तर मात्र बेसिनमध्येही बेरीज ६.२८ येते, त्रिज्या कितीही असो. म्हणजे फिरकी आहे ती केंद्रातच. सरकती वाट केंद्रावरून नेताना आकडा शून्यावरून एकदम ६.२८ वर उडी घेतो, आणि हे स्वतःच्या हाताने घडविल्यावर विसरणे कठीण. आकडा दाखविण्यापूर्वी आज्ञावलीने विद्यार्थ्याचा अंदाज विचारावा, असे मला वाटते. नाहीतर तो नुसता खेळत राहतो.

वाटेऐवजी चिमुकले भिरभिरे सोडले तरी चालेल. परातीत ते केंद्राभोवती एक फेरी मारताना स्वतःभोवतीही एकदा फिरते. बेसिनमध्ये ते फेऱ्या मारते, पण त्याच्यावर काढलेली खूण सतत एकाच दिशेला रोखलेली राहते.

आता एक प्रश्न. सरळ कालव्यात सर्व बाण समांतर असतात; मध्ये वेग जास्त, काठांशी कमी. भिरभिरे कोठे फिरेल, कोणत्या काठाजवळ उजवीकडे व कोणत्या काठाजवळ डावीकडे, आणि कोठे मुळीच फिरणार नाही?