चटणीच्या वाटीतले आरोग्य



या पानासाठी आम्ही मागच्या हिवाळ्यात यवतमाळ शहरातल्या आणि दारव्हा, आर्णी भागातल्या काही वस्त्यांमध्ये जाऊन बसलो. रविवारी वंदना झाल्यावर बाया विहारातच थांबत. बोलणे निघाले की तक्रारी जवळपास सारख्याच असत. कापूस वेचताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन पायऱ्या चढल्या की दम लागतो. पोटऱ्या दुखतात. "रक्त कमी आहे म्हणते डॉक्टर," असे सांगणाऱ्या तर प्रत्येक वस्तीत भेटल्या.

आम्ही एकच प्रश्न विचारला, काल दिवसभरात काय खाल्ले? उत्तर साधारण असे येई. सकाळी चहा आणि टोस. दुपारी पोळी आणि आलूची भाजी, नाही तर नुसते तिखट. रात्री भात आणि पातळ वरण, "भाजी उरली तर भाजी." एका आजीने मात्र वेगळी गोष्ट सांगितली. "आमच्या वक्ती भाजी नसली तरी जवसाची चटणी राहेच. आता चटणी गेली अन् पाच रुपयाची पुडी आली."

आजचा आमचा पाठ या आजीच्या वाक्यावरच आहे.

ताटात काय आहे आणि काय नाही

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 54 स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा आकडा शंभरात 69 च्या घरात जातो. म्हणजे विहारात दहा बाया बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी रक्ताने कमी असू शकतात.

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि ते बहुतेक गहू-तांदूळच असते. त्याने पोट भरते आणि कामाला जोर मिळतो. पण नुसत्या गहू-तांदळातून प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि चांगली चरबी पुरेशी मिळत नाही. डाळ महाग झाली की वरण पातळ होते. दूध चहापुरते येते. अंडी-मटण आठवड्यातून कधीतरी शिजते. ही तूट थोडी तरी भरून काढण्याचे काम पूर्वी तेलबियांची चटणी आणि कूट करीत असे.

आपल्या जिल्ह्यात गव्हा-हरभऱ्याच्या शेतात जवसाच्या ओळी असत. निळ्या फुलांचे ते पीक जुन्या माणसांना आजही आठवते. धुऱ्यावर अंबाडी, ज्वारी-तुरीत थोडे तीळ, कुडाच्या वेलीला कोहळे. मजुरी करणाऱ्या घरातही यातले काही ना काही येत असे. पुढे शेते कापसाने आणि सोयाबीनने भरली. जवस मागे पडले आणि त्याबरोबर मडक्यातली चटणीही आटली. हल्ली मोबाइलवर सांगतात की चिया नावाचे बी खा. ते मूळचे मेक्सिकोकडचे बी आहे आणि दुकानात महाग मिळते. ज्या ओमेगा-3 चरबीसाठी चियाची वाहवा होते, ती आपल्या जवसातही भरपूर आहे.

कोणत्या बियांत काय

जवस : शंभर ग्रॅम जवसात साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात. हृदयाला उपयोगी ओमेगा-3 चरबी आणि पोट साफ ठेवणारा चोथाही त्यात आहे.

तीळ : कॅल्शियमसाठी तीळ उत्तम. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सालासकट दहा ग्रॅम तिळात जवळपास तितकेच सापडते. मात्र तिळातले सगळेच कॅल्शियम शरीराला लागत नाही, म्हणून दूध मिळत असेल तर ते सोडू नका.

कारळे : यालाच खुरासणी म्हणतात. काळे, बारीक बी. लोह चांगले असते आणि चटणीला खमंग चव येते.

फल्लीदाणे : शंभर ग्रॅममध्ये सुमारे 25 ग्रॅम प्रथिने. बहुतेक घरांत असतातच.

कोहळ्याच्या बिया : लाल भोपळा, म्हणजे आपले कोहळे, चिरताना आतल्या बिया आपण फेकून देतो. त्या धुऊन, वाळवून, भाजून सोलल्या की झिंक आणि प्रथिने फुकटात मिळतात.

हळीव : बाळंतिणीला हळिवाची खीर देण्याची जुनी रीत आहे. त्यात लोह आहे, पण गरोदरपणात हळीव खाऊ नये.

पंधरा दिवसांनी एकदा नव्हे, रोज दोन चमचे

सणाला तिळाचे लाडू खाऊन वर्षभराची तूट भरत नाही. माणशी रोज दोन लहान चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, इतके बी पोटात गेले तरी चांगली सुरुवात झाली. पाच माणसांच्या घराला दिवसाला 50 ग्रॅम, महिन्याला दीड किलो लागते. त्यासाठी वेगळा पदार्थ करण्याची गरज नाही. जे रोज शिजते त्यातच हे घालायचे.

दहा दिवसांची चटणी : जवस 250 ग्रॅम, फल्लीदाणे 100 ग्रॅम, तीळ 100 ग्रॅम, कारळे 50 ग्रॅम. लाल मिरच्या दहा-बारा, लसणाच्या वीस पाकळ्या, एक चमचा जिरे, दोन लहान चमचे मीठ. प्रत्येक बी वेगळे भाजा, कारण फल्लीदाण्यांना वेळ लागतो आणि तीळ लगेच करपतात. जवस मंद आचेवर भाजा. ते तडतडू लागले आणि खमंग वास सुटला की उतरवा. लसूण कोरडी होईपर्यंत परता. सगळे गार झाल्यावर जाडसर कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाही तर तेल सुटून गोळा होतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कोरड्या चमच्यानेच काढा.

भाजीत : वांग्याच्या किंवा दोडक्याच्या भाजीत शेवटी तीळ-जवसाचा तीन-चार चमचे कूट घाला. रस्सा दाट होतो आणि तेलही कमी लागते.

वरणात : पातळ वरणाला दोन चमचे फल्लीदाण्यांचा कूट लावा. डाळ कमी असलेल्या दिवशी याचा विशेष उपयोग होतो.

भाकरीत : ज्वारीच्या पिठात मूठभर भाजून कुटलेले जवस मिसळा, किंवा भाकर थापताना वरून तीळ लावा. शाळेच्या डब्यात ही भाकर मुले आवडीने खातात.

अंबाडीच्या भाजीत : अंबाडी शिजवताना कण्या आणि भिजवलेले फल्लीदाणे घाला. आंबटपणा आणि दाण्याची चव एकमेकांना धरून असते.

मुलांसाठी : भाजलेले तीळ आणि फल्लीदाणे कुटून गुळात वळलेला सुपारीएवढा एक लाडू. पुडीच्या पैशांत असे चार-पाच लाडू होतात.

चार साध्या गोष्टी

एक, जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. म्हणून कुटूनच खा. कच्चे जवस मूठमूठ खाऊ नये, भाजून आणि बेतानेच घ्यावे. त्यावर पाणी भरपूर प्यावे, नाही तर पोट जड होते.

दोन, कुटलेल्या बियांतले तेल हवेने खवट होते. महिनाभराची चटणी एकदम करू नका. वास बिघडला की टाकून द्या.

तीन, बियांतले लोह अंगी लागायला आंबटाची सोबत हवी. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा ठेवा. मिळाल्यास हिरवा सांभार वरून टाका.

चार, जेवणाला लागून चहा पिऊ नका. चहा लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

कोणते बी तोंडात घालायचे नाही

आपला जिल्हा पेरणीचा आहे, म्हणून हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पेरणीच्या पिशवीतले बियाणे कधीच खाऊ नका. गुलाबी, लाल, निळा, हिरवा असा रंग लावलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक आणि कीटकनाशक असते. धुतल्याने, भाजल्याने ते जात नाही. उरलेले सोयाबीन दळणात टाकण्याचा मोह टाळा. कोंबड्यांनाही घालू नका. खाण्याचे जवस-तीळ किराणा दुकानातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य, चटणी किंवा पाणी ठेवू नका. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ते विष किती जवळ असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सरकी कच्ची खाऊ नका. तिच्यात गॉसिपॉल नावाचे अपायकारक द्रव्य असते. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून ते काढलेले असते, घरच्या सरकीतून नाही.

चंद्रज्योत आणि एरंडी या दोन्हींच्या बिया विषारी आहेत. कुंपणाच्या चंद्रज्योतीचे बी चवीला दाण्यासारखे लागते म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. असे झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेले बी सोबत घेऊन मुलाला लगेच दवाखान्यात न्या.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे फल्लीदाणे देऊ नका, श्वासनळीत अडकतात. कूट करूनच द्या. तीळ किंवा दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी येत असतील किंवा ओठ सुजत असतील तर ते बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब असणाऱ्यांनी चटणीत मीठ कमी ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोज जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

चटणी म्हणजे औषध नव्हे

हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. रक्त खूप कमी असेल तर ते चटणीने भरून येत नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून दवाखान्यातून लोह-फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ती किमान 180 दिवस घ्यायची असते. मळमळते म्हणून गोळ्या कपाटात साठवू नका. आशाताईंना सांगा, त्या गोळी घेण्याची वेळ बदलून पाहायला सांगतील. शाळेत मिळणारी लोहाची आणि जंताची गोळी मुलांनी घेतली का, हेही विचारा. पोटात जंत असतील तर चांगले खाल्लेलेही वाया जाते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी, असे नसते. विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. तो आईवडिलांकडून येतो, खाण्यातल्या चुकीने होत नाही. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. घरात कोणाला वारंवार सांधे-हाडे दुखणे, डोळे पिवळे होणे, सतत अशक्तपणा असा त्रास असेल तर आधी रक्त तपासा. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी. लग्न ठरवतानाही दोन्हीकडची तपासणी झालेली बरी.

शेवटचे ताट

आम्ही फिरलो त्या घरांत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी दिसली. आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग सासू-सासरे, आणि सगळ्यात शेवटी जिने शिजवले ती. भाजी तळाला गेलेली असते, वरण संपलेले असते. कापसाचे ओझे डोक्यावर घेऊन आलेली बाई भात-मिठावर झोपते. रक्त तिचेच कमी निघते यात नवल ते काय?

आपण समतेच्या गोष्टी विहारात बोलतो. ती समता रात्री आठ वाजता आपल्या स्वयंपाकघरातही दिसली पाहिजे. शक्य असेल तर सगळे एकत्र बसा. नसेल तर वाढायला सुरुवात करण्याआधी शिजवणारीचे ताट काढून झाकून ठेवा, त्यात भाजी, वरण आणि दोन चमचे चटणी आधीच वाढलेली असू द्या. वयात आलेल्या मुलीच्या ताटात मुलाइतकेच वाढा. याला एक पैसाही लागत नाही.

येत्या पौर्णिमेपर्यंतचा अभ्यास असा. वस्तीतल्या पाच घरांनी मिळून पाच किलो जवस-तीळ एकदम आणावे, म्हणजे स्वस्त पडेल. महिला मंडळाने विहारात एकत्र बसून ते निवडावे, भाजावे, कुटावे आणि सारखे वाटून घ्यावे. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी पावसाळ्यात कोहळ्याचा एक वेल आणि अंबाडीची एक ओळ लावावी. महिन्याने कोणाला काय जमले, काय जमले नाही ते आम्हाला कळवा. तुमच्या घरची जुनी चटणी असेल तर तीही लिहून पाठवा, पुढच्या अंकात सगळ्यांना सांगू.

सर्वांचे मंगल होवो.