झाकलें माणिक

आमच्या वाघोलीस पावसाळा लागला म्हणजे शाळेच्या पटांगणावर चिखल होतो, स्टंप आणि बॅटी कोठडींत जाऊन पडतात, आणि मधल्या सुटींत गप्पांस ऊत येतो. कोणता खेळाडू पुढच्या हंगामांत कोणत्या संघांत जाईल, कोणाचा भाव चढेल, कोण मागें पडेल, यावर तावातावानें वाद चालतात. या गप्पांत वेळ जातो हें खरें. परंतु त्याच गप्पा नीट रीतीनें केल्या तर त्यांतून गणिताचा, न्यायाचा आणि माणसाच्या पारखीचा असे तीन धडे मिळूं शकतात, असें आम्हांस वाटतें. ते धडे कसे घ्यावे, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

मुलांच्या तोंडून पालकांनीं 'फँटसी' हा शब्द ऐकला असेल. त्याचा अर्थ प्रथम सांगूं. या खेळांत प्रत्येक गडी कागदावर आपला एक काल्पनिक संघ रचतो. खेळाडू मात्र खरे असतात. प्रत्येक खेळाडूस कांहीं किंमत ठरविलेली असते आणि रचणाराजवळ ठराविक गुणांची थैली असते. पुढें खऱ्या मैदानावर ते खेळाडू जशी कामगिरी करतील तसे त्या कागदी संघास गुण मिळतात. या खेळाचा उगम अमेरिकेंत झाला. ओकलंड येथील रेडर्स या फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनीं १९६२ सालीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत आपल्या सोबत्यांसह याचे नियम रचले, आणि १९६३ मध्यें आठ संघांची पहिली स्पर्धा कागद-पेन्सिलीवर खेळली गेली. तिकडे ज्या खेळाडूची किंमत अल्प, पण योग्यता मोठी, अशास 'स्लीपर' म्हणतात. आमच्या भाषेंत त्यास झाकलें माणिक म्हणावें.

येथें पालकांसाठीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या खेळास पैशाची जोड मिळाली, कीं त्याचा जुगार होण्यास वेळ लागत नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला, हें योग्यच झालें. आम्ही येथें ज्या अभ्यासाविषयीं लिहीत आहों, त्यास एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर एवढेंच भांडवल पुरतें.

आतां किंमत आणि योग्यता यांतील भेद पाहूं. समजा, थैलींत १०० गुण आहेत आणि ११ खेळाडू घ्यावयाचे आहेत. म्हणजे एका खेळाडूच्या वांट्यास सरासरीनें ९ गुण येतात. बहुतेक मुलें प्रथम चार नामांकित वीर प्रत्येकीं ११ गुण देऊन घेतात. त्यांत ४४ गुण गेले. उरलेल्या सात जागांसाठीं ५६ राहिले, म्हणजे प्रत्येकास आठच. अशा वेळीं ज्याची कामगिरी आठ गुणांची, पण किंमत सहाच गुणांची, असा एखादा खेळाडू सांपडला तर दोन गुण वांचतात आणि ते दुसऱ्या जागीं उपयोगीं पडतात. नामांकित खेळाडू वाईट असतो असें नव्हे. त्याचें चांगलेपण सर्वांस ठाऊक असल्यामुळें तें किंमतींत आधींच धरलेलें असतें. म्हणून दोन संघांतील अंतर बहुधा नामांकितांमुळें पडत नाहीं. तें लोकांच्या नजरेंतून सुटलेल्या खेळाडूंमुळें पडतें.

हे सुटलेले खेळाडू शोधण्यास बंद हंगामाइतका चांगला काळ नाहीं. आयपीएलचे सामने मेअखेरीच्या सुमारास संपतात, रणजी सामने बहुधा दिवाळीच्या आगेंमागें सुरू होतात. मधल्या काळांत कालच्या षटकाराचा गलबला कानांत नसतो, आणि आंकडे शांतपणें वाचतां येतात. वाचतांना चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न असा, कीं आपण एका डावाच्या आठवणीवर निकाल देत आहों, कीं अनेक डावांच्या हिशेबावर? एक उदाहरण मनानेंच रचूं. एका फलंदाजानें सात डावांत ४, ०, ११, ७, ९५, ३ आणि ६ धांवा केल्या. दुसऱ्यानें २२, १७, २५, १४, २०, १९ आणि १६ केल्या. पहिल्याची बेरीज १२६ आणि सरासरी १८. दुसऱ्याची बेरीज १३३ आणि सरासरी १९. तरी गांवभर चर्चा त्या ९५ धांवांचीच होणार, आणि भावही त्याचाच चढणार. डोळा झगमगाटाकडे जातो. वही सर्व डाव सारखेच मोजते.

दुसरा प्रश्न संधीचा. ज्यास आठव्या क्रमांकावर दोन षटकें उरलीं असतां पाठवितात, त्याच्या धांवा थोड्याच असणार. म्हणून धांवा किती, याबरोबर चेंडू किती मिळाले हेंही पाहावें. पुढील हंगामांत संघांतून कोण जात आहे, कोणाची जागा मोकळी होत आहे, आणि ती कोणास मिळण्याचा संभव आहे, याचा विचार याच काळांत करतां येतो.

तिसरा प्रश्न किंमत कमी असण्याच्या कारणाचा. तें कारण तात्पुरतें आहे कीं कायमचें? दुखापत बरी होत आली असेल, किंवा वय लहान असल्यामुळें नांव झालें नसेल, तर तें कारण तात्पुरतें. पायांतील चपळाई वयपरत्वें गेली असेल, तर तें कायमचें. येथें सावध राहावें. स्वस्त वस्तूंपैकीं बहुतेक वस्तु स्वस्त असण्यासारख्याच असतात. प्रत्येक खडा माणिक नसतो.

चौथा प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा आणि मैदानाचा. कमजोर गोलंदाजीपुढें काढलेल्या धांवा आणि कसलेल्या गोलंदाजीपुढें काढलेल्या धांवा एका मापानें मोजूं नयेत.

या प्रश्नांची कसोटी आपल्या पुण्याच्याच एका खेळाडूवर लावून पाहूं. ऋतुराज गायकवाड यांनीं २०१८-१९ च्या विजय हजारे स्पर्धेंत महाराष्ट्राकडून आठ सामन्यांत ३६५ धांवा केल्या. आपल्या संघांत त्याच सर्वांत अधिक होत्या. डिसेंबर २०१८ च्या लिलावांत चेन्नईच्या संघानें त्यांस २० लाख रुपयांस घेतलें. ती त्या लिलावांतील सर्वांत खालची मूळ किंमत होती. २०१९ च्या हंगामांत त्यांस एकही सामना मिळाला नाहीं. २०२० मध्यें संधि आली, आणि पहिल्या तीन डावांत त्यांच्या धांवा झाल्या ०, ५ आणि ०. येथें पुष्कळांनीं वही मिटली असती. परंतु तीन डाव म्हणजे फार थोडा पुरावा होय. आठ सामन्यांची जुनी नोंद त्याहून वजनदार होती. पुढच्या तीन डावांत त्यांनीं ६५, ७२ आणि ६२ धांवा केल्या. २०२१ मध्यें १६ सामन्यांत ६३५ धांवा करून ते सर्व स्पर्धेंत पहिले आले आणि त्यांच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. खेळाडू २०१८ मध्येंही तोच होता. बदलली ती लोकांची नजर.

नजर चुकते ती केवळ घाईनें नव्हे, सवयीनेंही चुकते. अमेरिकेंतील ओकलंडच्याच बेसबॉल संघानें २००२ सालीं १०३ सामने जिंकले. न्यूयॉर्कच्या यांकीज संघानेंही तितकेच जिंकले, परंतु त्यांचा पगाराचा खर्च ओकलंडच्या सुमारें तिप्पट होता. इतर संघ जोरदार फटके आणि भरदार शरीर पाहून भाव ठरवीत. ओकलंडच्या चालकांनीं जे खेळाडू चेंडू सोडून देऊन, वाट पाहून, मोफत जागा मिळवितात त्यांचाही हिशेब ठेवला. तो गुण डोळ्यांस दिसत नसे, म्हणून स्वस्तांत मिळत असे.

आणि सवयीपेक्षांही वाईट असा एक पडदा आहे, तो दुराग्रहाचा. त्याची गोष्ट तर आपल्या पुण्याचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत बाळू पालवणकर नांवाचा एक तरुण प्रथम पारशांच्या क्लबांत दरमहा तीन रुपयांवर आणि नंतर युरोपियनांच्या क्लबांत चार रुपयांवर चाकरीस होता. खेळपट्टी झाडणें, तिजवर रोलर फिरविणें आणि सरावासाठीं जाळ्या लावणें हीं त्याचीं कामें. साहेबलोकांस सराव हवा म्हणून त्यास गोलंदाजी करावयास लावीत. बॅट मात्र त्याच्या हातीं देत नसत. कॅप्टन ग्रेग नांवाचे निष्णात फलंदाज रोज त्याच्या गोलंदाजीवर सराव करीत, आणि आपणांस बाद केल्यास प्रत्येक वेळीं आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. अशा रीतीनें सामना न खेळतांच त्याची डावखुरी गोलंदाजी धारदार होत गेली.

हा तरुण चर्मकार समाजांतील होता, आणि त्या काळच्या रूढीनें त्यास अस्पृश्य ठरविलें होतें. पुण्याच्या हिंदु संघास युरोपियनांवर विजय मिळवावयाचा होता. तो मिळवून देणारा माणूस जवळच होता. तरी त्यास घ्यावें कीं नाहीं यावर वाद झाला. अखेर त्यास घेतलें. मैदानावर सर्व त्याच चेंडूस हात लावीत, परंतु चहाच्या वेळीं त्यास बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा देत. पुढें बाळू मुंबईस गेले, हिंदु संघाचे आधारस्तंभ झाले, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले. हिंदु संघाचें नायकत्व मात्र त्यांस मिळालें नाहीं. तें १९२३ मध्यें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

चार रुपये ही बाळूंची किंमत होती. योग्यता किती होती, तें त्या ११४ बळींवरून समजावें. गायकवाडांच्या बाबतींत आंकडे थोडे होते, म्हणून भाव कमी राहिला. बाळूंच्या बाबतींत पुरावा रोज डोळ्यांसमोर पडत होता, तरी पाहणारांस तो पाहावयाचा नव्हता. पहिली चूक वहीनें सुधारते. दुसरी सुधारण्यास मन बदलावें लागतें. पण वही येथेंही साह्य करते, कारण तिच्यांत जात, घराणें किंवा ओळख यांचा रकाना नसतो.

आतां आमचीच एक चूक सांगून लेख संपवितों. गेल्या वर्षीं शाळेचा संघ रचतांना एका मुलास आम्हीं सतत नवव्या क्रमांकावर खेळविलें. तो अंगानें किरकोळ आणि बोलण्यांत बुजरा. त्याच्याविषयीं कोणी कधीं शब्द टाकला नाहीं, आणि आम्हींही विचार केला नाहीं. पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थिनीनें जुनें स्कोअरबुक चाळलें आणि आम्हांस येऊन विचारलें, "सर, हा मुलगा पांच सामन्यांत चार वेळां नाबाद आहे; मग याला वर कां पाठवीत नाहीं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. धांवा थोड्या होत्या, कारण त्याच्या समोरचे गडी बाद होऊन डाव आटोपत असे. यंदा त्यास चौथ्या क्रमांकावर पाठविलें. पहिल्या दोन्ही सामन्यांत तो लवकर बाद झाला. जुन्या सवयीनें त्यास पुन्हां खालीं ढकलावें, असें आमच्याही मनांत आलें. पण वर सांगितलेले ०, ५ आणि ० हे आंकडे आठवले आणि आम्हीं हात आवरला. तिसऱ्या सामन्यांत तो ३१ धांवांवर नाबाद परतला. पुढें काय होईल तें पाहूं. परंतु त्यास संधि मिळाली, एवढें तरी त्या मुलीच्या वाचनानें झालें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाची किंमत एका परीक्षेच्या गुणांवरून ठरवूं नये. त्यास किती संधि मिळाली, अडचण तात्पुरती आहे कीं कायमची, आणि अनेक महिन्यांची नोंद काय सांगते, हें पाहून मग बोलावें.

विद्यार्थ्यांनीं पुढील पावसाळ्यांत तीन गोष्टी कराव्या. एक, कोणत्याही दोन खेळाडूंच्या शेवटच्या वीस डावांच्या धांवा आणि चेंडू वहींत मांडून सरासरी काढावी. दोन, ज्यांच्याविषयीं कोणी बोलत नाहीं असे तीन खेळाडू निवडून, निवडीचें कारण आधींच लिहून ठेवावें, म्हणजे मागाहून सोयीचें कारण शोधतां येणार नाहीं. तीन, हंगाम संपल्यावर तीच वही उघडून आपण कोठें चुकलों तें प्रामाणिकपणें लिहावें. हें तिसरें काम सर्वांत कठीण आहे, आणि पारख बहुधा त्यानेंच सुधारते.